यादीतली ‘सोनकी’ खरंच सोनकी आहे का? पिवळ्या रानफुलांची ओळख तपासण्याचा क्रम

भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत सह्याद्रीत केलेल्या फुलांच्या याद्या तपासायला घेतल्या की एक चूक हटकून सापडते. मधे पिवळी चकती, भोवती पिवळ्या पाकळ्या असं काहीही दिसलं की पुढे ‘सोनकी’ लिहिलेलं असतं. शाळेच्या निसर्गसहलीची यादी असो, ट्रेकला जाणाऱ्यांच्या नोंदी असोत की गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीची कच्ची पानं, ही चूक सगळीकडे भेटते. अशा याद्या मी बरीच वर्षं दुरुस्त करतो आहे आणि कारण जवळजवळ दर वेळी एकच निघतं. फोटो फुलाच्या बरोब्बर समोरून काढलेला असतो, आणि या फुलांची समोरची बाजूच सगळ्यांत कमी सांगते. ओळख पटते ती फुलाच्या पाठीवरून, पानांच्या मांडणीवरून आणि बीवरून.

खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो. आधी फुकटच्या आणि मिनिटभरात होणाऱ्या तपासण्या, मग भिंग लागणाऱ्या, मग महिनाभर थांबावं लागणाऱ्या. बहुतेक नोंदी पहिल्या चार-पाच पायऱ्यांतच सुटतात.

नोंद चुकली असावी याची लक्षणं

- ‘सोनकी’ची नोंद डिसेंबर-जानेवारीत किंवा उन्हाळ्यात, मैदानी भागात, रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या बागेत झालेली आहे.
- एकाच झाडाचे तीन फोटो ओळख सांगणाऱ्या अॅपला दिले, तर तीन वेगळी नावं येतात. त्यातलं एखादं युरोपातल्या जातीचं असतं.
- फोटोत पान दिसतच नाही, किंवा दिसतं ते शेजारच्या गवताचं.
- रंग पिवळ्यापेक्षा नारिंगीकडे झुकलेला आहे.
- एकाच चढावर, एकाच दिवशी दोघांनी केलेल्या नोंदी जुळत नाहीत.
- झाड माणसाच्या उंचीपेक्षा मोठं आहे, किंवा जमिनीवर सरपटत गेलेलं आहे.

एक फरक मात्र चुकीमुळे पडलेला नसतो आणि त्यावरून पुष्कळ वाद होतात. जुन्या पुस्तकात सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओ ग्रॅहमी असतं, नव्या यादीत सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. ही वनस्पती एकच आहे, नाव बदललेलं आहे. तसंच विकोआ इंडिका आणि पेंटानेमा इंडिकम एकच, वेडेलिया ट्रायलोबाटा आणि स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटाही एकच. दोन नावं दिसली की आधी ती समानार्थी आहेत का ते पाहावं. तसं असेल तर पुढची सगळी मेहनत वाचते.

एवढं खोलात का जायचं

सोनकी आपल्या डोंगरउतारावरची, पावसाबरोबर उगवून पावसाळ्याशेवटी फुलणारी वनस्पती आहे. तिच्या नावाखाली सगळ्यांत जास्त वेळा नोंदवला जातो तो पिवळा कॉसमॉस. तो मूळचा मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणलेला आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला मोकाट पसरलेला आहे. कॉसमॉसच्या ताटव्याला सोनकी म्हटलं की दोन नुकसानं होतात. पसरणारं तण नोंदीत येतच नाही, आणि लोक ‘सोनकीचं बी’ म्हणून कॉसमॉसचं बी गोळा करून हौसेने आणखी एका टेकडीवर टाकतात. हे मी होताना पाहिलेलं आहे. म्हणून एका नावासाठी एवढा खटाटोप करावासा वाटतो.

पहिली तपासणी: हे सूर्यफुलाच्या कुळातलं आहे ना?

हास्यास्पद वाटेल, पण दुरून काढलेल्या फोटोंसाठी हीच तपासणी सर्वांत जास्त कामाला येते. कास पठारावर, किंवा कुठल्याही गडाच्या माथ्यावर, पिवळा गालिचा दिसला की तो सोनकीचा असेल किंवा कवल्याचाही असेल. कवला म्हणजे स्मिथिया, वाटाण्या-घेवड्याच्या कुळातला. त्याच्या फुलाला पाच पाकळ्या असतात, एक उभी मोठी आणि बाकीच्या खाली, म्हणजे फुलाला उजवी-डावी बाजू असते. ‘मिकी माऊस’ म्हणून ओळखलं जाणारं फूल याच गटातलं. उभ्या पाकळीवर लालसर ठिपके दिसले तर पुढे काही बघायची गरज नाही.

सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. अभ्यासक त्याला स्तबक म्हणतात. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक पूर्ण फूल असतं, त्यांना किरणपुष्पं म्हणतात. मधल्या चकतीतला एकेक ठिपका हेही एक फूलच, ती बिंबपुष्पं. हे आताच नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे. या कुळात जगभर तीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि पिवळा रंग त्यांच्यात इतका पसरलेला आहे की रंगाला पुरावा म्हणून जवळजवळ किंमतच नाही.

दुसरी: तारीख, जागा, उंची

यालाही खर्च नाही. फोटो कधी आणि कुठे काढला हे विचारायचं.

सोनकी पावसाळ्यात उगवते, साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून फुलू लागते, सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात असते आणि थंडी पडून डोंगर पिवळे-तपकिरी झाले की वाळून जाते. तिची जागा म्हणजे सह्याद्रीतले गवताळ उतार, कड्यांचे काठ, पठारं. राजगड, सिंहगड, हरिश्चंद्रगड, लोणावळ्याच्या आसपासचे डोंगर आणि सुमारे १,२०० मीटरवरचं कास. एप्रिल-मेमधल्या ‘सोनकी’वर मी लगेच प्रश्नचिन्ह टाकतो.

मराठवाडा-विदर्भातल्या माळावर, पडीक शेतात, हिवाळ्यात फुललेलं बारीक पाकळ्यांचं पिवळं फूल असेल तर मनात पहिलं नाव सोनकडीचं आणावं, म्हणजे पेंटानेमा इंडिकम. शेताच्या बांधाला, विशेषतः डोंगराळ भागात जिथे कारळा पेरतात तिथे, बांधावर सांडून उगवलेला कारळा असू शकतो. त्यालाच काही भागांत खुरासणी म्हणतात. बागेच्या कुंपणाबाहेर, ओढ्याकाठी, दुभाजकावर जमिनीवर पसरलेली गडद हिरवी चटई आणि तिच्यावर पिवळी फुलं असतील तर ते स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. तीन खाचांचं पान दिसलं की खात्री.

या तपासणीने काहीच सिद्ध होत नाही, हे लक्षात असू द्या. गडावरही कॉसमॉस पोचलेला असतो. पण कुठल्या शक्यता आधी तपासायच्या हे जागा आणि तारीख सांगतात.

तिसरी: चीक येतो का?

एखादं खालचं पान किंवा देठ जरासा मोडा. पांढरा चीक आला तर सोनकी नाही, कॉसमॉस नाही, कारळाही नाही. हे पाथरीच्या गटातलं काहीतरी आहे. पाथरीची भाजी करतात तीच ही. या गटाच्या स्तबकात मधे चकती नसते. कडेपासून मध्यापर्यंत सगळी फुलं पट्टीसारखी चपटी असतात आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. फोटोतही हे दिसतं, म्हणून झाड मोडण्याआधी फोटो मोठा करून पाहा.

चौथी: पानं समोरासमोर की एकाआड एक?

एकच तपासणी करायची परवानगी असेल तर मी ही करेन. लागतात फक्त डोळे, आणि इतर कुठल्याही पायरीपेक्षा जास्त चुका ही पकडते.

खोडाचा मधला भाग पाहा. एका पेरावर दोन पानं एकमेकांसमोर असतील तर सोनकी बाद. कॉसमॉस, कारळा, बायडेन्स (कपड्यांना चिकटणाऱ्या बियांचं ते), स्फॅग्नेटिकोला, पिवळा माका आणि बागेच्या सावलीत उगवणारं सिनेड्रेला ही सगळी समोरासमोर पानांची मंडळी आहेत. एका पेरावर एकच पान असेल आणि पुढचं पान वेगळ्या बाजूला असेल, तर सोनकी, सोनकडी आणि सोनकडीसारखंच दिसणारं पुलिकारिया हे उमेदवार शिल्लक राहतात.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की कारळ्याची शेंड्याकडची पानं कधीकधी एकाआड एक दिसतात. फोटो बहुधा शेंड्याचाच असतो, म्हणून खोडाचा मध्य आणि खालचा भाग बघायला मी नेहमी सांगतो. दुसरा खड्डा टिथोनियाचा. त्यालाही पानं एकाआड एक असतात, पण ते उंच झुडूप असतं, दोन-तीन मीटरचं, पान मोठं तीन ते पाच खाचांचं आणि फूल तळहाताएवढं. शेजारी हात धरून एक फोटो काढला असेल तर हा गोंधळ होतच नाही. फुलाच्या शेजारी पट्टी किंवा बोट धरायची सवय लावून घ्या. मोजमापाशिवायच्या फोटोत दोन सेंटिमीटरचं फूल आणि दहा सेंटिमीटरचं फूल सारखंच दिसतं.

पानाचा आकार याच वेळी पाहून घ्यावा. कॉसमॉसचं पान दोन-तीन वेळा चिरत गेलेलं असतं, गाजराच्या किंवा झेंडूच्या पानाच्या अंगाने जाणारं. सोनकीचं पान अखंड, लांबट, टोकदार आणि दातेरी कडांचं. खालची पानं देठाची, वरची जवळजवळ बिनदेठाची. बागेतला कॉसमॉस ओळखणारा माणूसही टेकडीवर फसतो, कारण आजूबाजूच्या गवतात त्याची बारीक पानं हरवून जातात. गवत बाजूला करून फोटो घ्या.

पाकळ्या मोजण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. मोजा, पण त्यावर निकाल देऊ नका. कॉसमॉसला आणि कारळ्याला साधारण आठ रुंद किरणपुष्पं असतात आणि त्यांच्या टोकाला तीन ठळक दाते दिसतात. पाकळ्या रुंद, मोजक्या आणि टोकाला दातेरी असतील तर समोरासमोर पानांचा संशय बळावतो. सोनकडीला पाकळ्या पुष्कळ आणि अरुंद असतात. पण सूर्यफूल कुळात किरणपुष्पांची संख्या झाडाच्या पोषणाप्रमाणे आणि स्तबक आधी आलं की नंतर यावर कमी-जास्त होते. एकाच सोनकीच्या दोन स्तबकांत वेगळे आकडे मिळतात. निदान पाच-सहा स्तबकं मोजून मगच काही म्हणावं.

पाचवी: फूल उलटं करा

याद्या दुरुस्त करताना चौथीच्या खालोखाल उपयोगी पडलेली तपासणी हीच. आणि लोक ती जवळजवळ कधीच करत नाहीत, कारण फुलाची पाठ सुंदर नसते.

स्तबकाच्या खाली हिरव्या पानासारख्या अवयवांची वाटी असते. त्यातल्या एकेकाला छद म्हणतात. निदलपुंज, म्हणजे साध्या फुलाखालचा हिरवा घेर, समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो, पण ही छदं किती ओळींत आहेत, सारख्या लांबीची आहेत का, बाहेरची आतल्यांपेक्षा वेगळी आहेत का, यावरून वंशापर्यंत पोचता येतं. फूल तोडावं लागत नाही. देठ दोन बोटांत धरून अलगद वाकवायचा आणि बाजूने आणि खालून असे दोन फोटो घ्यायचे.

सोनकीत, आणि एकूणच सेनेसिओ वंशात, मुख्य छदं एकाच ओळीत असतात. सगळी सारख्या लांबीची, अरुंद, एकमेकांना खेटून उभी, कुडाच्या काठ्या लावाव्यात तशी. बुडाशी कधी दोन-चार अगदी चिमुकली छदं वेगळी दिसतात, ती मुख्य ओळीत धरायची नाहीत. अशी एकेरी, सारखी ओळ दिसली आणि पानं एकाआड एक असली, तर ‘सेनेसिओ’ एवढं लिहायला हरकत नाही.

सोनकडीत छदं पुष्कळ ओळींत असतात. बाहेरची आखूड, आतली लांब, सगळी सुईसारखी निमुळती आणि एकावर एक चढलेली. समोरून पाहिलं तर सोनकी आणि सोनकडी यांच्यातला फरक सांगताना जाणकारही अडखळतो, पाठीकडून पाहिलं तर पाचवीतला मुलगाही सांगतो. शाळेच्या सहलींना मी आता पहिल्यांदा हेच शिकवतो. सोनकडीची पानं बुडाशी खोडाला कवेत घेतात हेही मदतीला येतं, पण त्याच एका खुणेवर विसंबू नका. कारण खोड कवेत घेणारी पानं कारळ्यालाही असतात, आणि सोनकीच्या एका भावंडालाही, ते पुढे येईलच.

कारळ्याच्या वाटीत बाहेरची पाच छदं रुंद, हिरवीगार, पानासारखी असतात. कॉसमॉसची वाटी दुपदरी असते: बाहेरची छदं अरुंद हिरवी, आतली लांब, पातळ, पिवळसर पापुद्र्यासारखी. बायडेन्सचीही दुपदरीच. कॉसमॉसचं स्तबक लांब, सडपातळ, उघड्या देठावर डुलत असतं. सोनकीची स्तबकं शेंड्याशी फांद्या फुटून जवळपास एका पातळीवर येतात, त्यामुळे लांबून गुच्छ वाटतो.

इथपर्यंतच्या पाच तपासण्यांना पैसा लागलेला नाही आणि झाडाचं एखाद्या पानाशिवाय काही गेलेलं नाही. ट्रेकची यादी किंवा शाळेचा प्रकल्प एवढंच काम असेल तर इथे थांबलं तरी चालेल. अॅपचं उत्तरही आत्ता पाहा, आधी नको. ज्या जातींचे फोटो जगात जास्त आहेत तिकडे अॅप झुकतं. सेनेसिओ वंशात हजाराहून जास्त जाती आहेत, त्यातल्या युरोपातल्या काही जातींचे फोटो ढिगाने आहेत आणि आपल्या डोंगरातल्यांचे त्या मानाने थोडे. वंशाचं नाव अॅपकडून घेतलं तर बहुधा पदरी पडतं, जातीचं नाव मात्र वरच्या खुणांशी जुळवूनच घ्यावं.

सहावी: स्तबक मधोमध चिरून पाहा

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि दाढीचं पातं एवढं साहित्य लागतं. भिंग शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळतं आणि एकदा घेतलं की आयुष्यभर पुरतं. कास किंवा कुठल्याही राखीव क्षेत्रात हे करू नये, तिथे फूल तोडायला मनाई आहे. रस्त्याकडेच्या किंवा स्वतःच्या शेतातल्या झाडावर करा, आणि एकच स्तबक घ्या, शक्यतो कोमेजू लागलेलं.

उभा छेद घेतला की बारीक फुलं एका गादीवर बसलेली दिसतात. आता फुलांच्या मधे पातळ, कागदी खवले आहेत का ते पाहा. कॉसमॉस, कारळा, बायडेन्स, स्फॅग्नेटिकोला, टिथोनिया यांच्यात प्रत्येक बिंबपुष्पाशेजारी एक खवला असतो, सूर्यफुलाच्या बिया काढताना जे टोचतं तेच हे. सोनकी आणि सोनकडीत गादी उघडी असते, मधे खवला नसतो.

पानांची मांडणी नीट दिसली नसेल, झाड शेळीने खाल्लेलं असेल किंवा फक्त एक वाळलेली फांदी हातात असेल, तेव्हा ही तपासणी चौथ्या पायरीची जागा घेते.

सातवी: बी धरेपर्यंत थांबा

खर्च नाही, पण तीन-चार आठवडे जातात आणि त्याच झाडाकडे परत जावं लागतं. म्हणून ती इतक्या खाली ठेवली आहे. पुराव्याच्या दृष्टीने मात्र हिला तोड नाही, कारण पाऊस, ऊन, खत यांनी पानं लहान-मोठी होतात, बियांची ठेवण सहसा बदलत नाही.

कॉसमॉसचं बी लांब, बारीक, चोच काढलेलं असतं आणि टोकाला दोन-तीन कुसळं असतात. बायडेन्सचं बी सरळ सुईसारखं, त्याच्याही टोकाला उलट्या काट्यांची कुसळं. ट्रेकहून आल्यावर मोज्यांतून उपसून काढतो ती हीच. कारळ्याचं बी काळं, चकचकीत, टोकाला काहीही नसलेलं. चटणीसाठी घरी आणतो त्याच्याशी शेजारी ठेवून पाहता येतं. सेनेसिओच्या बीवर पांढऱ्या, मऊ, बारीक केसांचा झुबका असतो आणि ते म्हातारीसारखं वाऱ्यावर निघून जातं.

एकदांडीच्या बीवरही केस असतात, पण भिंगातून तो प्रत्येक केस पिसासारखा दिसतो. एकदांडीच्या पाकळ्या मळकट पांढऱ्या असल्याने तिचा गोंधळ सहसा होत नाही. फुलं गळून गेल्यावर, नुसत्या बियांवरून ओळखताना मात्र होतो.

कडेच्या आणि मधल्या फुलांच्या बिया वेगवेगळ्या काढा. सोनकडीच्या कडेच्या बियांना केस नसतात, मधल्यांना मोजके असतात. पुलिकारियाच्या बीवर दोन थर असतात: बाहेर खवल्यांचं अगदी बुटकं कडं आणि आत लांब केस. सोनकडी आणि पुलिकारिया यांची छदं दोघांचीही पुष्कळ ओळींत, दोघांची पानं एकाआड एक, त्यामुळे त्यांचा निकाल शेवटी बीवरच लागतो. इथे घाई करू नये.

आठवी: सेनेसिओ आहे हे ठरलं, पण कुठला?

सह्याद्रीत पिवळ्या फुलांचा सेनेसिओ एकच नाही. नेहमी भेटणारी सोनकी म्हणजे बॉम्बेएन्सिस. एजवर्थी ही जात कापसासारख्या पांढऱ्या लवीवरून वेगळी काढता येते. खोड आणि पानं लोकरीने माखल्यासारखी दिसतात, आणि पानं बुडाशी कानासारखी होऊन खोडाला धरतात. मघाशी म्हटलेलं भावंड ते हेच. लव बोटाने घासली की निघते आणि जुन्या पानावरून पावसाने धुऊनही जाते, म्हणून शेंड्याची कोवळी पानं पाहावीत.

याशिवाय डालझेली आणि बेळगावमेन्सिस या जाती आहेत. निकोल डालझेल यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक केलं, त्यांच्या नावावरून पहिली. या जातींपर्यंत पोचायचं तर मुळाशी काय आहे, बुडाशी पानांचा झुबका आहे का, कडेच्या आणि मधल्या बियांवर लव कशी आहे, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. फोटोवरून मी ते सांगत नाही आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर यादीत घेत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

काही ठिकाणी स्वतः पुढे जाऊ नये, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

कोणी औषध म्हणून, भाजी म्हणून किंवा गुरांना चारा म्हणून विचारत असेल तर पहिल्या तपासणीच्याही आधी थांबा. सेनेसिओ वंशातल्या अनेक जातींत पायरोलिझिडाइन नावाची अल्कलॉइडं असतात, ती यकृत खराब करतात आणि परिणाम लगेच दिसत नाही. चव घेऊन ओळख पटवण्याची जुनी सवय या गटात कधीही वापरू नका. अक्कलकाऱ्याचं पिवळं बोंड चावून जीभ बधिर होते का ते पाहतात, त्याच नादात लोक शेजारचं पिवळं फूलही तोंडात टाकतात. जनावराने खाल्लं असेल तर झाडाचा नमुना पिशवीत घेऊन पशुवैद्याकडे जा. माणसाने खाल्लं असेल तर नमुन्यासह डॉक्टरांकडे. ओळख नंतर पटवता येईल.

दुसरं, नोंद कुठल्या अधिकृत कामासाठी असेल, म्हणजे जैवविविधता नोंदवही, पर्यावरण अहवाल, प्रबंध, तर पाचव्या पायरीवर थांबणं पुरेसं नाही. सेनेसिओची जात लिहायची असेल तर वाळवलेला नमुना हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यांशी जुळवून घ्यायला हवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, इथे असे संग्रह आहेत. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून वेळ घ्या.

तिसरं, सगळ्या खुणा जुळतात पण एक ठळक खूण जुळत नाही, असं झालं तर ती खूण डोळ्याआड करू नका. परागकोशांना खाली शेपट्या आहेत का, कुक्षीची टोकं कशी आहेत, हे प्रश्न सूक्ष्मदर्शकाखालीच सुटतात आणि ते अभ्यासकाचं काम आहे.

चौथं, वनखात्याच्या जागेत नमुना घ्यायचा असेल तर परवानगी आधी.

तज्ज्ञाला पाठवताना हे सगळं एकत्र पाठवा: पूर्ण झाड, खोडाच्या मधल्या भागावरची पानं, बुडाची पानं, स्तबक समोरून, स्तबक बाजूने, स्तबक खालून, आणि मिळालं तर पिकलेलं बी. प्रत्येकात मोजपट्टी. सोबत तारीख, गाव, अंदाजे उंची, आणि जमीन कशी होती: कातळ, गवत, शेताचा बांध की रस्त्याची कड. चीक आला की नाही हेही लिहा, वाळलेल्या नमुन्यावरून ते नंतर कळत नाही. फुलाचा पिवळा रंगही वाळल्यावर उतरतो, म्हणून रंग जागेवरच टिपून ठेवा.

नमुना दाबायचा तर जुनं वर्तमानपत्र पुरतं. निदान एक स्तबक पाठ वर करून दाबा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. सेनेसिओची स्तबकं वाळता वाळता पिकतात आणि केसाळ बिया सगळीकडे उडतात, तेव्हा काही बिया आधीच छोट्या कागदी पुडीत घालून नमुन्याला जोडा.

उत्तर येईपर्यंत यादीत ‘सेनेसिओ, जात ठरायची आहे’ असं लिहावं. चौथ्या पायरीपर्यंतच पोचला असाल आणि पाठीचा फोटो नसेल, तर ‘सूर्यफूल कुळातलं पिवळं फूल, पानं एकाआड एक’ एवढंच लिहा. आणि तपासणीत कॉसमॉस निघाला, तर ‘सोनकी’ खोडून गप्प बसू नका. जागा नेमकी नोंदवा, किती भागात पसरलाय ते लिहा आणि स्थानिक वनरक्षकाला किंवा गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. उपटायचा असेल तर बी पिकायच्या आधी, मुळासकट, आणि अर्थात जागेच्या मालकाला विचारून. बी धरलं असेल तर शेंडे आधी पिशवीत कापून घ्या, मग झाड उपटा.

पुढच्या वर्षी त्याच जागी जून-जुलैत पुन्हा जाऊन रोपं पाहा. पडलेल्या बियांतून नवी रोपं येतात. कॉसमॉसचं रोप लहानपणापासूनच चिरलेल्या, समोरासमोर पानांचं असतं, त्यामुळे फुलाची वाट बघावी लागत नाही.